वर्गणी आमची, विषयपत्रिका कुणाची? शिक्षक संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व शिक्षक संघटनांचे तालुका, जिल्हा व राज्य पदाधिकारी

विषय : शाळेत न येणाऱ्या सभासदाला संघटनेने दिलेल्या संरक्षणाबाबत, आणि त्या निमित्ताने

आदरणीय सर, आणि पदाधिकाऱ्यांत ज्या मोजक्या आहेत त्या मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आमच्या केंद्रात एक दोनशिक्षकी शाळा आहे. तिथले एक गुरुजी एका संघटनेचे तालुका पदाधिकारी आहेत. आठवड्यातले निम्मे दिवस हालचाल रजिस्टरवर 'पंचायत समिती, कार्यालयीन काम' एवढे लिहून ते निघून जातात आणि पहिली ते चौथीचे चारही वर्ग उरलेल्या बाईंच्या अंगावर पडतात. शाळा व्यवस्थापन समितीने, म्हणजे पालकांनी, शेवटी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार केली. चौकशी लागली. मग संघटनेच्या मासिक सभेत ठराव झाला : सभासदाच्या पाठीशी संपूर्ण संघटना उभी आहे, शिक्षकांची बदनामी खपवून घेतली जाणार नाही. सह्यांचे निवेदन गेले आणि चौकशी थंडावली. पालकांचा अर्ज निदान वाचून तरी दाखवा, असे मी सभेत म्हटले. उत्तर आले, "मॅडम, हा आतला विषय आहे, बाहेर चर्चा नको."

तो विषय आता बाहेर आणते आहे. कोणती संघटना, कोणता तालुका हे लिहीत नाही, कारण लिहिले की हे पत्र त्या एका गुरुजींपुरते होईल. असे तालुके राज्यात किती आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

संघटना कशाला हव्यात, असे विचारणाऱ्यांपैकी मी नाही. २००७ साली मी शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे सुरुवातीला पगाराऐवजी ठरावीक मानधनावर, लागले तेव्हा ते मानधन तीन हजार रुपये होते. पुढे ते सहा हजार झाले आणि जानेवारी २०२३ पासून सोळा हजार. यातली एकही वाढ कुणी आपणहून हातावर ठेवलेली नाही. मोर्चे, निवेदने, कोर्टाच्या पायऱ्या, सगळे झाले तेव्हा आकडा हलला. माझी थोरली बहीण खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवायची. संस्थेशी वाजल्यावर तिला तोंडी सांगण्यात आले की उद्यापासून येऊ नका. घरात रडारड, वडील म्हणाले की संस्थाचालकांच्या पाया पडू. संघटनेचे एक जुने कार्यकर्ते घरी आले आणि त्यांनी एकच गोष्ट सांगितली : १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायद्याच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणात अपील करता येते, पण मुदत तीस दिवसांची आहे, त्यामुळे रडायला वेळ नाही. वकील त्यांनीच गाठून दिला. बहीण परत रुजू झाली. तीस दिवसांची ती मुदत आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हती. ज्या शिक्षकाला संघटना नाही, त्याला ती बहुतेक वेळा एकतिसाव्या दिवशी कळते.

त्या कायद्याआधीचे दिवस जुने शिक्षक अजून सांगतात. सही एका रकमेवर, हातात दुसरी रक्कम, आणि मे महिन्यात नोकरी बंद. विनाअनुदानितवाल्यांचे हाल तर कालपरवाचे आहेत. २००१ च्या धोरणाने शाळा 'कायम विनाअनुदानित' झाल्या, म्हणजे पगारासाठी सरकारी अनुदान कधीच नाही; २००९ मध्ये 'कायम' हा शब्द निघाला आणि नंतर अनुदानाचे वीस-वीस टक्क्यांचे टप्पे लागले. त्या टप्प्यांसाठी माणसे आझाद मैदानावर बसत आली; जुलै २०२५ मध्येही भर पावसात बसली होती. वर्षानुवर्षे बिनपगारी किंवा नावापुरत्या पगारावर शिकवणाऱ्या या लोकांमागे संघटना नसत्या, तर त्यांची दखल कुणी घेतली असती, हा प्रश्न संघटनांना शिव्या घालणाऱ्यांनी जरूर स्वतःला विचारावा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकाला लावायची नाहीत असे सांगितले आहे. ते कलम रोज मोडले जाते, आणि प्रत्येक वेळी ते वाचून दाखवायला संघटनेचाच माणूस उभा राहतो. याबद्दल मनापासून ऋणी आहे.

म्हणूनच पुढचे लिहायचा मला हक्क आहे. मी वर्गणी भरते.

पहिली तक्रार तीच, संरक्षणाची. आम्हा जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६४ चे शिस्त व अपील नियम लागू आहेत. नोटीस, दोषारोपपत्र, म्हणणे मांडायची संधी, शिक्षा झालीच तर अपील, सगळे त्यात आहे. यातली एकही पायरी साहेबांनी गाळली तर संघटनेने रान उठवावे, मी पहिल्या रांगेत बसेन. पण तुम्ही चौकशीचा निकाल चुकीचा म्हणून भांडत नाही. चौकशी होऊच नये म्हणून भांडता. वकील आरोपीची बाजू मांडतो, न्यायालयाला कुलूप लावत नाही. आणि हा भेद तुम्ही पुसला की ज्याच्यावर खरोखर खोटी तक्रार झाली आहे त्या शिक्षकाचे नुकसान होते. कारण संघटनेचे निवेदन दोघांसाठीही त्याच मजकुराचे, त्याच शाईचे जाते, आणि साहेब दोन्ही एकाच फायलीत लावतात.

न्यूयॉर्क शहरात या गोष्टीचे टोक गाठले गेले होते. आरोप असलेले शिक्षक सुनावणी होईपर्यंत एका खोलीत बसून पूर्ण पगार घेत, काहींची तर वर्षे तशीच गेली. लोक त्या खोल्यांना 'रबर रूम' म्हणत. २०१० मध्ये संघटना आणि शहर प्रशासन यांनी मिळून त्या बंद करायचे ठरवले. तोवर शिक्षक संघटना म्हणजे काय हे तिथल्या कित्येकांनी त्या खोल्यांवरूनच ठरवून टाकलेले होते. आपल्याकडे खोली नाही, हालचाल रजिस्टर आहे.

याला जोडूनच दुसरी. संघटनेचे काम शाळेच्या वेळात का होते? सेवापुस्तक, मेडिकल बिल, निवडश्रेणीचा प्रस्ताव, पीएफची स्लिप, यासाठी कुणीतरी पंचायत समितीत खेटे घालावे लागतात हे मान्य. पण ते खेटे घालावे लागतात ही प्रशासनाची नालायकी आहे. तिच्याविरुद्ध लढायचे सोडून आपण तिच्यावर एक पद उभे केले आहे. फाईल टेबलावर अडते म्हणून पदाधिकारी लागतो, आणि पदाधिकारी शाळेबाहेर राहावा म्हणून फाईल अडलेली बरी, असे कुणी म्हटले तर मला लगेच खोडून काढता येत नाही. अधिवेशनाचेही तेच. सत्र चालू असताना तारखा, विशेष रजेचे पत्र, मंत्र्यांचा सत्कार, जेवणावळ, आणि ठराव वाचले जातात तेव्हा निम्मा मंडप रिकामा. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत अधिवेशन घ्यायला काय अडचण आहे, हे मला आजवर कुणी सांगितलेले नाही.

आता टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. हा विषय माझ्या जिव्हारी लागणारा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्यांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे अशा सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. पाच वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांची नोकरी राहील, पण पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा आहे. मी त्या पहिल्या गटात आहे. मी लागले तेव्हा राज्यात टीईटी हा शब्दही नव्हता. ती परीक्षा सुरू झाली २०१३ मध्ये. ज्या अटींवर मला नेमले त्या अटी मी पूर्ण केल्या, आणि इतक्या वर्षांनी नवी अट माझ्या नोकरीच्याच मुळावर आली. यात अन्याय आहे आणि त्याविरुद्ध कायदेशीर लढाई व्हावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण तुम्ही जी भाषा वापरलीत तिने माझी मान खाली गेली. 'शिक्षकांची परीक्षा घेणे हा गुरूंचा अपमान आहे.' व्यासपीठावरून हे वाक्य मी स्वतः ऐकले. आपण आयुष्यभर मुलांच्या परीक्षा घेतो, त्यात नापास झालेल्या मुलाला त्याचा अपमान झाला असे आपण सांगत नाही. खरा मुद्दा वेगळा होता आणि तो पालकांनाही पटला असता. अनुभवी शिक्षकाला पुन्हा पात्रता परीक्षा द्यायला लावणार असाल, तर त्याला तयारीला वेळ द्या, त्या काळात बीएलओचे म्हणजे मतदारयादीचे आणि ऑनलाइन माहित्या भरण्याचे काम काढून घ्या, प्रशिक्षण द्या, आणि वीस वर्षे पहिली-दुसरी शिकवणाऱ्याची परीक्षा त्याच्या कामाला धरून असू द्या. यातली एक तरी मागणी व्यासपीठावर तितक्या जोरात झाली का? २३ नोव्हेंबर २०२५ च्या टीईटीला मीही बसले. निकाल काय लागला हा इथे मुद्दा नाही. त्याआधीच्या आठवड्यांत आम्ही चार जणी एकमेकींना फोनवर बालमानसशास्त्राचे प्रश्न विचारत होतो, आणि संघटनेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाढदिवसाचे बॅनर येत होते. हजारो सभासद असलेल्या संघटनेला एक अभ्यासवर्ग काढता आला नाही.

५ डिसेंबर २०२५ ला याच प्रश्नावर आणि संचमान्यतेवर, म्हणजे पटावरून शाळेला शिक्षकपदे मंजूर करण्याच्या निकषांवर, शाळा बंदची हाक दिलीत. एक दिवसाचा पगार कापण्याचा इशारा होता, तरी लोक मोर्चाला गेले. गावात मात्र बहुतेक पालकांना मुले दप्तर घेऊन परत आली तेव्हा कळले की आज शाळा नाही. का नाही, हे तर त्याही नंतर कळले असेल. आणि इथे मला जे सांगायचे आहे त्याच्या गाभ्याशी आपण येतो.

१५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने छोट्या शाळांचे शिक्षक जाणार आहेत. वरच्या वर्गांचा पट वीसच्या आत असला की तिथे नियमित शिक्षक मंजूर होणेच मुश्कील. ५ सप्टेंबर २०२४ ला, शिक्षकदिनाचा मुहूर्त साधून, कमी पटाच्या शाळांत एक शिक्षक कंत्राटी नेमण्याचा निर्णय आला होता, मानधन पंधरा हजार. वाड्यावस्त्यांवरच्या शाळा टिकवायच्या ही लढाई आपल्या नोकऱ्यांची आहे आणि त्या गावांच्या मुलांचीही आहे. इतका सरळ जुळलेला हितसंबंध क्वचित मिळतो. ग्रामसभेचे ठराव, शाळा व्यवस्थापन समित्यांची पत्रे, पालकांचा मोर्चा, हे सगळे आपल्या बाजूने उभे राहायला हवे होते. उभे राहिले का? ज्या समितीची तक्रार आपण निवेदन देऊन दाबली, तिच्याच दारात आता शाळा वाचवायला सह्या मागायला कोण जाणार? त्या गावातला एक पालक मला म्हणाला, "बाई, तुमच्या सरांना वाचवायला तुमची संघटना आहे, आमच्या पोरांना कोण?" त्याला उत्तर देणे ही तुमची जबाबदारी आहे, कारण न येणाऱ्या एका सभासदाला वाचवताना तुम्ही येणाऱ्या सगळ्यांची पत घालवली आहे.

हे वेगळेही होऊ शकते. शिकागोतल्या शिक्षक संघटनेने २०१९ मध्ये संप केला तेव्हा पगारवाढीबरोबरच प्रत्येक शाळेत परिचारिका आणि समाजसेवक हवा, वर्गातली गर्दी कमी हवी, या मागण्याही टेबलावर ठेवल्या होत्या. शाळेचे अकरा दिवस बुडाले, पण करारात परिचारिका आणि समाजसेवक यांचे कलम आले. तिथली परिस्थिती वेगळी, कायदे वेगळे, हे कबूल. तरी आपल्या मागणीपत्रात मुलांसाठीची मागणी कितव्या क्रमांकावर असते, ते एकदा उघडून बघा. माझ्याकडे जी मागणीपत्रे आहेत त्यांत ती सापडली तर शेवटच्या दोनांत सापडते, बहुधा 'इतर' या मथळ्याखाली.

संपाबद्दल थोडेच. १४ ते २० मार्च २०२३ च्या जुन्या पेन्शनच्या संपात मी होते. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही आणि मी त्यांच्यापैकी आहे, त्यामुळे ती मागणी माझी स्वतःची आहे आणि आजही आहे. दहावी-बारावीच्या परीक्षा त्याच दिवसांत चालू होत्या. दबाव आणायला तीच वेळ सोयीची असते हे मला समजते. मात्र बुडालेले दिवस संपानंतर भरून काढू, असे संघटनेने आधीच जाहीर केले असते तर बिघडले असते का?

विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघांबद्दल बोलायचे तर आम्हा प्राथमिकवाल्यांना तिथे मतच नाही. संविधानाच्या १७१ व्या अनुच्छेदानुसार माध्यमिक व त्यावरच्या संस्थांतले शिक्षकच मतदार. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी सात जागा शिक्षकांच्या, आणि राज्याची पहिली-दुसरी शिकवणारे त्यात कुठेच नाहीत. ही मागणी जुनी आहे, दर अधिवेशनात टाळ्या घेते आणि पुढच्या अधिवेशनापर्यंत झोपते. ज्यांना मत आहे त्यांच्याकडे तरी काय चालले आहे? संस्थाचालकच शिक्षकांचे उमेदवार म्हणून उभे राहतात. माझ्या बहिणीला 'उद्यापासून येऊ नका' सांगणारा माणूस उद्या तिचा प्रतिनिधी म्हणून सभागृहात जाऊ शकतो, आणि त्याला पाठिंब्याचे पत्रक काढणारी एखादी संघटनाही सहज मिळते. पैठणी आणि नथ वाटल्याच्या बातम्या २०२४ च्या निवडणुकीत आपण सगळ्यांनी वाचल्या. मतदार शिक्षक होते, एवढेच नोंदवते.

बायकांबद्दल. प्राथमिक शाळांत आम्ही इतक्या संख्येने आहोत की आम्ही वर्गणी थांबवली तर तुमचा मंडप उभा राहणार नाही. आम्हाला 'महिला आघाडी' मिळते, म्हणजे स्वागतगीत आणि औक्षण. सभा संध्याकाळी सहा वाजता तालुक्याला, आणि मग 'महिला पुढे येत नाहीत' अशी खंत. शिक्षकांच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभांबद्दल लिहायचे होते, पण माइक ओढताना आणि खुर्च्या उचलताना आपले गुरुजी टीव्हीवर विद्यार्थ्यांनी पाहिलेलेच आहेत.

तर मागण्या अशा.

एक. पालकांच्या तक्रारीवरची चौकशी थांबवण्यासाठी दिलेली निवेदने मागे घ्या आणि यापुढे तसे निवेदन देणार नाही, असा ठराव राज्य कार्यकारिणीने करावा. चौकशीत सभासदाला मदतनीस द्या, वकील द्या, नियम मोडले तर लढा. मुलांच्या सुरक्षिततेशी संबंधित तक्रार असेल तर तपासाच्या आड येणारे एक पत्रही संघटनेच्या लेटरहेडवर जाऊ नये.

दोन. प्रत्येक पदाधिकाऱ्याची शाळेतली मासिक हजेरी त्याच्या शाळेच्या आणि संघटनेच्या फलकावर लागावी. संघटनेचे काम शाळा सुटल्यावर, रविवारी, किंवा रीतसर रजा टाकून. अधिवेशन सुट्टीत.

तीन. टीईटीसाठी तालुकानिहाय अभ्यासवर्ग तातडीने सुरू करा. न्यायालयातली लढाई चालू ठेवा, पण तिच्या भरवशावर माणसांना बसवून ठेवू नका. निकालाने दिलेली दोन वर्षे २०२७ च्या सप्टेंबरात संपतात. शिकवणारे आपल्यातच भरपूर आहेत, मी स्वतः परिसर अभ्यास घ्यायला तयार आहे.

चार. शाळा बंद ठेवायची असेल तर आठवडाभर आधी पालकसभा घ्या, कारण सांगा, बुडालेला दिवस कधी भरून काढणार ते त्याच सभेत सांगा. संचमान्यतेच्या लढाईत शाळा व्यवस्थापन समित्यांना बरोबरीचे स्थान द्या, सह्यांपुरते नको.

पाच. निम्मी पदे महिलांना द्या, त्यात अध्यक्ष, सरचिटणीस आणि कोषाध्यक्ष ही तीन पदे आलटून पालटून. आणि वर्गणीचा हिशेब, अधिवेशनाच्या खर्चासह, दरवर्षी छापून प्रत्येक सभासदाला.

सहा. संस्थाचालक किंवा त्याचा नातलग असलेल्या उमेदवाराला शिक्षक मतदारसंघात कोणत्याही संघटनेने पाठिंबा देऊ नये.

हे मुद्दे पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावेत. 'ऐनवेळचे विषय' या सदरात मात्र नकोत. तिथपर्यंत निम्मे सभासद एसटी पकडायला निघून गेलेले असतात.

कळावे,
आपली,
एक सभासद
जिल्हा परिषद प्राथमिक शिक्षिका